तोंड झाकून बोलायचं नाही

दादाराव तायडे यांचा आवाज ज्याने ऐकला नाही असा अकोल्याचा माणूस एक तर बहिरा असणार, नाहीतर तो जन्मात एस.टी.त बसलेला नसणार. उभी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत काढली आणि माइकवरून अख्ख्या जिल्ह्याला गाड्या सांगितल्या. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अकोटमार्गे अंजनगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." वऱ्हाडी बोली ते घरी ठेवून यायचे आणि माइकसमोर शब्द कसे घासूनपुसून लखलखीत निघायचे. गाडी चुकली म्हणून भांडायला आलेला माणूसही तो आवाज ऐकून निम्मा मऊ व्हायचा. आंबेडकर जयंतीला भाषण कुणाचंही असो, सूत्रसंचालन दादारावांचंच.

हा आवाज आता परदेशात, क्वीन्सटाउन नावाच्या वस्तीत नवव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटात येऊन पडला होता, आणि तिथे त्याला काही काम नव्हतं. बायको गेली, तेव्हा मुलगा रत्नदीप म्हणाला, "बाबा, थोडे दिवस बदल म्हणून या." ते आले आणि त्यांच्या मागोमाग कोरोना आला. विमानं बंद झाली. थोड्या दिवसांच्या पाहुण्याचं दुसरं वर्ष लागलं. घरात सून प्रियदर्शिनी, शाळेत जाणारी नात दीक्षा आणि दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा करणारा रत्नदीप. दादाराव सकाळी खाली चक्कर मारायचे, दुपारी पेपर वाचायचे आणि संध्याकाळी नातीला मराठी शिकवायचे. ती उत्तरं इंग्रजीत द्यायची, तरी त्यांना बरं वाटायचं.

मुलाचं आडनाव मात्र तायडे नव्हतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्याने रीतसर बदलून बोरगावकर करून घेतलं होतं. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि दादारावांनी खोदून विचारलं नाही. ज्या बोरगावने आपल्याला विहिरीची पायरी चढू दिली नाही, त्याच गावाचं नाव पोरगा मिरवतोय याची त्यांना उलट गंमत वाटली. सगळ्या अकोल्याला हसत हसत सांगितलं त्यांनी. गंमत कुणाची झाली ते पुढे कळायचं होतं.

आता मास्कचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

दादारावांचे वडील सखाराम बोरगावचे महार. पाटलाच्या वाड्यासमोर बोलवणं आलं की ते अंगणाच्या बाहेर उभे राहायचे आणि धोतराचा सोगा तोंडावर धरून बोलायचे. आपला श्वास पाटलाच्या अंगाला लागू नये, थुंकी उडू नये, म्हणून. लहानग्या दादारावने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. वाघासारखा बाप, पण कापडाआडून त्याचा आवाज कसा लाचार, घोगरा यायचा. मग छप्पन सालचा दसरा आला. सखाराम नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले, आणि पुढच्या बोलावण्याला पाटलाच्या दारात उघड्या तोंडाने बोलले. गावाने त्यांना वर्षभर काम दिलं नाही. उपाशी पोरांना जवळ घेऊन त्या माणसाने एकच नियम घालून दिला: काहीही होवो, माणसाशी बोलताना तोंड झाकून बोलायचं नाही.

दादारावांनी हा नियम पंचशीलाच्या खालोखाल पाळला. थंडीतसुद्धा मफलर काढून बोलायचे.

आणि आता सरकारच सांगत होतं, तोंड झाका. बरं, दादाराव काही अडाणी नव्हते. मास्कला विरोध करणाऱ्यांची त्यांना चीड होती. गोमूत्राचे आणि काढ्याचे मेसेज पाठवणाऱ्या अकोल्याच्या मित्रांना त्यांनी फोनवरून झाडलं होतं. लस आली तेव्हा घरात पहिली त्यांनीच घेतली. मास्क लावल्याशिवाय ते दाराबाहेर पाऊल टाकत नसत, नाकावरून सुद्धा घसरू देत नसत. फक्त कुणी बोललं की हात आपोआप वर जायचा, मास्क हनुवटीखाली यायचा, उत्तर दिलं जायचं, मास्क पुन्हा वर. नेमकं ज्या क्षणी मास्क हवा त्या क्षणी तो नसायचा. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. रोज रात्री ठरवायचे, उद्या नाही काढायचा. पण समोर माणूस उभा राहिला की बाप आठवायचा आणि हात उठायचा. बुद्धीला पटलेलं हाताला पटवून द्यायला आयुष्य पुरत नाही.

पहिलं वर्ष निभावलं, कारण त्यांच्याशी बोलणारं होतं तरी कोण? मग एकवीस सालचा मे महिना आला. भारतात माणसं पटापट मरत होती आणि इथे नव्या विषाणूला लोक भारताचंच नाव लावून मोकळे झाले होते. बसमध्ये आपल्या माणसांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली होती. अशा दिवसांत एका सकाळी दादाराव फेरी मारून आले आणि लिफ्टसमोर उभे राहिले. शेजारी सातव्या मजल्यावरची चिनी आजीबाई भाजीची ट्रॉली घेऊन उभी होती. भली बाई. दिवाळीला दीक्षाला संत्री देऊन गेली होती.

"अंकल, विच फ्लोअर?" तिने विचारलं.

दादारावांनी मास्क खाली केला. "नाइन्थ, मॅडम. थँक यू."

बाई दोन पावलं मागे सरकली आणि इथल्या सगळ्यांसारखं वाक्याच्या शेपटीला 'लाह' लावून ओरडली. "अंकल, मास्क! वेअर युअर मास्क, लाह!"

त्यांनी मास्क वर केला. पण बाईने काही म्हटलंय आणि आपण मुकाट उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. पुन्हा मास्क खाली. "आय ॲम वेअरिंग, मॅडम."

बाई किंचाळलीच. तिच्या नवऱ्याची फुप्फुसं अधू होती. ती वर्षभर घरात जीव मुठीत धरून बसलेली. तिची काही चूक नव्हती. तिने सांगावं, यांनी मास्क वर करावा. तिने पुन्हा सांगावं, यांनी उत्तरासाठी खाली करावा. लांबून बघणाऱ्याला हा म्हातारा मुद्दाम खोडी काढतोय असंच वाटावं. माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "इंडियाहून आणता ते आणता, वर माज." दुसरा म्हणाला, "अरे, म्हातारा आहे, सोड." त्या दोघांचंच जुंपलं. एका पोराने फोन वर धरला. आणि दादारावांचा तोल गेला. अकोल्याचा स्टँड हलवणारा तो आवाज क्वीन्सटाउनच्या लिफ्टपाशी घुमला. स्वच्छ इंग्रजीत ते म्हणाले, "माणसाशी बोलताना मी तोंड झाकणार नाही. माझ्या वडिलांना झाकायला लावलं होतं. मी झाकणार नाही."

संध्याकाळपर्यंत ते फोनाफोनांत पोचलं. दीक्षानेच टॅबलेटवर दाखवलं. "आबा, यू आर फेमस, लाह," ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडलेला होता. खाली शेकडो लोक भांडत होते. परत पाठवा याला, कुटुंबासकट पाठवा. म्हातारा बोलतानाच काढतो, एवढं काय? बोलतानाच तर थुंकी उडते, मूर्खा. मास्क हीच गुलामी, शाब्बास अंकल! हे शेवटचं दादारावांना सगळ्यात जास्त झोंबलं. ज्यांच्याशी त्यांचं उभ्या जन्मात पटलं नसतं, ते त्यांना पुढारी करत होते.

रत्नदीप मीटिंग अर्धी टाकून बाहेर आला. त्याचा इथे नोकरी करायचा पास येत्या महिन्यात रिन्यू व्हायचा होता. नियम मोडणाऱ्या परदेशी लोकांना देश सोडायला लागल्याच्या बातम्या घरोघरी पाठ होत्या. दादाराव बोलणी खायच्या तयारीत बसले होते. मास्कसाठी हजार शिव्या खाल्ल्या असत्या त्यांनी. चूक त्यांची होतीच.

पण रत्नदीप म्हणाला, "मास्कचं बघू. ते वडिलांचं वाक्य का बोललात तुम्ही?"

"खरं आहे म्हणून बोललो."

"इथल्या लोकांना काही कळत नाही त्यातलं. पण आपल्या ग्रुपवर सारंगने व्हिडिओ टाकलाय. विचारतोय, रत्नदीप, तुझे वडील ना हे? वडिलांना तोंड झाकायला लावलं म्हणजे काय रे?"

सारंग त्याचा साहेब. पुण्याचा. इथल्या मराठी मंडळींचा ग्रुप तोच चालवायचा. पास रिन्यू करायला कंपनीत शिफारस त्याचीच जायची. दादारावांनी मुलाकडे नीट पाहिलं आणि इतक्या वर्षांनी त्यांना त्या आडनावाचा अर्थ लागला.

"मग सांग ना त्याला काय ते," दादाराव म्हणाले. "कष्टाने शिकला, कष्टाने आला इथं. लाज कशाची रे?"

"लाज नाही, बाबा. तुम्हाला नाही कळायचं. बोलत कुणीच काही नाही. फक्त नंतर बोलावणं येत नाही."

प्रियदर्शिनी दारात उभी होती. "जाऊ द्या ना बाबा," ती म्हणाली. तिचंही खरं होतं. गणपतीला सारंगकडे जाऊन आरती म्हणणारी तीही होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडणारे लोक एकदम शांत झाले. कॉमेंटमध्ये फुलं आणि जोडलेले हात यायला लागले. बिचारे अंकल. माझ्या आईलाही हेच आहे. कुटुंबाला बळ मिळो. दादाराव चक्रावले. वर सरकवत सरकवत ते मुलाच्या पोस्टपर्यंत पोचले. रत्नदीपने सगळ्यांची माफी मागितली होती आणि लिहिलं होतं की माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. ते कुठे आहेत, काय बोलतात, याचं त्यांना भान नसतं. त्यांच्या बोलण्याचा कृपया काही अर्थ लावू नये.

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. ज्या माणसाच्या शब्दावर जिल्हा गाडी पकडायचा, त्याच्या बोलण्याचा अर्थ लावू नये.

टॅबलेट घेऊन ते रत्नदीपच्या खोलीत गेले. माइकची मराठी गळून पडली होती. "काहून रे? येडा झालो मी? असं वाटते तुले?"

"बाबा, हळू बोला. कॉलवर आहे."

"तुया बापाले येडं ठरवलं तू! गावासमोर!"

रत्नदीपने कानातला हेडफोन काढला. तो रागावला नाही, ओरडला नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं. शांतपणे समजावू लागला, की यात कुणाचं नुकसान नाही, लोक विसरून जातील, आजारी माणसावर इथे कारवाई करत नाहीत. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. "दीक्षाची शाळा आहे, बाबा. तिचे मित्रमैत्रिणी आहेत. उद्या बॅग भरायला लागली तर तिला काय सांगू?"

मुलाने दोन कारणं सांगितली असती, पासचं आणि सारंगचं, तर भांडता आलं असतं. त्याने तिसरंच पुढे केलं, आणि ते दाराआडून ऐकत उभं होतं.

दोन दिवसांनी सरकारी अधिकारी मास्कच्या प्रकरणाच्या चौकशीला आले, एक मध्यमवयीन बाई आणि एक तरुण. अदबीने चपला बाहेर काढल्या, लांबच्या खुर्च्यांवर बसले. घरातल्यांनीही मास्क चढवले होते. रत्नदीप बापाच्या वतीने बोलायला लागला, तेव्हा बाईने त्याला हाताने थांबवलं. "अंकलशी बोलू दे." मग दादारावांकडे वळून सावकाश विचारलं, "अंकल, तुम्ही आत्ता कुठे आहात, माहीत आहे का?"

दादारावांना सगळं माहीत होतं. देश, शहर, वस्ती, मजला, बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव. पाच वाक्यांत आपली बाजू मांडता आली असती, आणि बाई ऐकणाऱ्यातली दिसत होती. त्यांनी रत्नदीपकडे पाहिलं नाही. दीक्षा आईचा हात धरून उभी होती, तिच्याकडे पाहिलं.

"अकोला स्टँड," ते म्हणाले. "फलाट क्रमांक तीन."

मास्क त्यांनी खाली केला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ते तोंड झाकून बोलले होते आणि बोलले तेही खोटं.

बाईने मान हलवली. तिच्या डोळ्यांत खरोखरीची कणव होती, म्हणून तर ती सोसवेना. ताकीद देऊन प्रकरण मिटलं. जाताना तिने रत्नदीपला बजावलं, यांना एकटं बाहेर सोडत जाऊ नका, हरवतील. दार लागल्यावर रत्नदीपने सोफ्यावर अंग टाकलं. "थँक्स, बाबा," तो म्हणाला. त्याला वाईटही वाटलं असेल. पण हायसं जास्त वाटलं होतं, ते दिसत होतं.

तिथून सगळं सोपं झालं. सकाळची फेरी बंद. किल्ली काढून घेतली, कारण शेजारच्यांनी एकटं बघितलं तर शंका येईल. अकोल्याच्या मित्रांचे फोन कमी केले, कारण मोठ्याने बोलता, भिंती पातळ आहेत. सातव्या मजल्यावरच्या त्याच आजीबाईने एकदा लिफ्टपाशी त्यांच्या दंडाला हात लावून प्रियदर्शिनीला विचारलं, "ही ईटिंग ऑर नॉट?" दादाराव शेजारीच उभे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि वर मारणारे सगळे दयाळू. दीक्षासुद्धा मराठीच्या धड्याला टाळाटाळ करू लागली. "यू रेस्ट लाह, आबा," ती म्हणायची. खरं काय ते त्या पोरीला माहीत होतं. पण घरात रोज एक गोष्ट चालली की मूल तरी काय करणार?

पास रिन्यू झाला. त्या आठवड्यात सारंग बायकोला, मीनलला, घेऊन भेटायला आला. घरी दोनच पाहुणे बोलवायची मुभा होती, ती त्याने तंतोतंत पाळली. सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानांतून बाकरवडी आणि श्रीखंड आणलं होतं. आल्या आल्या तो दादारावांसमोर गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "काका! ओळखलंत का मला?"

उत्तरासाठी तो थांबलाही नाही.

"नाही ना? असू दे, असू दे." सारंग सोफ्यावर बसला. खाण्यासाठी सगळ्यांनी मास्क काढले. प्रियदर्शिनीने पोहे आणले. "तू मात्र ग्रेट हाताळलंस, रत्नदीप. वेळेवर माफी मागितलीस, विषय संपला. शिस्त लागते रे, आणि ती रक्तात असावी लागते. तिकडे बघ, काय चाललंय. कोट्यातून आलेले डॉक्टर, मग माणसं मरणार नाहीत तर काय होईल?"

रत्नदीपने पोह्यांत लिंबू पिळलं.

"आणि गंमत सांगू?" मीनल हसत म्हणाली. "तो व्हिडिओ बघून मला क्षणभर वाटलं, हे लोक त्यांच्यातले तर नाहीत ना? ते वडिलांचं तोंड झाकायचं वगैरे ऐकून!"

"मी म्हटलं हिला, वेडी आहेस का," सारंग म्हणाला. "बोरगावकर! घर बघ, बोलणं बघ. कुठूनही वाटतं का?"

रत्नदीप हसला. दादारावांनी ते हसणं नीट पाहिलं. जुलमाचं नव्हतं ते. चांगलं सवयीचं, गुळगुळीत हसणं होतं. प्रियदर्शिनी पाण्याचं निमित्त करून आत निघून गेली.

दादाराव उठले. खुर्चीच्या पाठीला धरून ताठ उभे राहिले. तोंडावर काही नव्हतं. कित्येक दिवसांत न निघालेला आवाज निघाला, घासूनपुसून लखलखीत, एकेक शब्द सुटा.

"कृपया लक्ष द्यावे. माझं नाव दादाराव सखाराम तायडे. माझे वडील बोरगावचे महार होते. पाटलासमोर त्यांना तोंड झाकून बोलावं लागायचं. छप्पन साली बाबासाहेबांनी आम्हाला बौद्ध केलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी तोंड झाकून बोलत नाही. हा रत्नदीप माझा मुलगा आहे."

मीनलचा चमचा हातातच राहिला. सारंगने आधी दादारावांकडे पाहिलं, मग सावकाश रत्नदीपकडे. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे सांगायला पोराला वीस वर्षं धीर झाला नव्हता, ते बापाने सांगून टाकलं होतं. पोराने नुसतं "हो" म्हणायचं होतं. तेवढंही नको, गप्प बसला असता तरी चाललं असतं.

सारंगच्या चेहऱ्यावर हळूहळू दया पसरली. "अरेरे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "किती वाईट. माझ्या आजीचंही शेवटी असंच झालं होतं. कधी ऐकलेलं, वाचलेलं, सगळं स्वतःवरच घडलंय असं सांगायची."

रत्नदीपने बापाकडे पाहिलं. बापाने त्याच्याकडे पाहिलं.

"हो ना," रत्नदीप म्हणाला. "हल्ली असंच काहीही बोलतात."

तो उठला, दादारावांच्या खांद्याला धरून त्यांना आत घेऊन गेला. त्यांनी हिसडा दिला नाही. हिसडा दिला असता तर तोही आजारातच जमा झाला असता. पलंगावर बसवून रत्नदीपने पंखा लावला, पांघरूण पायावर ओढलं आणि दार लोटून घेतलं.

बाहेर सारंग विचारत होता, "औषध कुठलं चालू आहे?" आणि रत्नदीपने जराही न अडखळता एका गोळीचं नाव सांगितलं.